गोळी चालू आहे, तरी डोकं चालत नाही



मागच्या भाषणात आपण अंगात रक्त कमी असण्याबद्दल बोललो होतो. त्यानंतर केंद्रावर जे फोन आले, त्यातल्या चार-पाच जणींनी रक्ताचं सोडून वेगळंच विचारलं. "ताई, मला थायरॉईड आहे. गोळी रोज घेते. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट चांगला आहे. पण माझं डोकं चालत नाही, त्याचं काय करू?" एकीने सांगितलं, मोटार बंद करायला विहिरीवर गेले आणि तिथे उभी राहून कशाला आले तेच आठवेना. दुसरी म्हणाली, पोराला हाक मारायची तर आधी दिराचं नाव तोंडात येतं, मग पुतण्याचं, आणि मग त्याचं. तिसरी शिवणकाम करते. वहीत माप लिहिलेलं समोर आहे, तरी कात्री हातात घेतली की आकडे नजरेसमोरून पळतात, म्हणाली. आणि या सगळ्याजणींनी शेवटी एकच वाक्य जोडलं, "घरचे म्हणतात, तुला लक्षच नाही."

मलाही ही गोळी चालू आहे, सात वर्षं झाली. गटांच्या बैठका घेत गावोगाव फिरते, त्यामुळे अशा बायाही खूप भेटतात. मी डॉक्टर नाही. गोळी कमी करा, वाढवा हे मी सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर ऐकूही नका. पण हे काय असतं, कशामुळे होतं आणि दवाखान्यात जाऊन नेमकं काय बोलायचं, एवढं आज बोलू.

इंग्रजीत याला 'ब्रेन फॉग' म्हणतात, म्हणजे मेंदूवरचं धुकं. आपल्याकडे यासाठी शब्द नाहीत असं नाही. "काही सुधरत नाही", "डोक्यात भुसा भरलाय", "झापड आल्यागत होतं" हे आपण म्हणतोच. धुक्यात रस्ता असतो, झाडं असतात, फक्त दिसत नाहीत. तसंच हे. आपल्याला येत असलेलं कुठे जात नाही, पण वेळेवर सापडत नाही. शब्द जिभेवर येऊन थांबतो. दोन कामं एकदम करता येत नाहीत. कुणी भरभर बोललं की अर्धं निसटतं. हे वेड नाही, आणि म्हातारपणी होतो तो विसरण्याचा आजारही नाही. हा वेगळा रोग नसून एक लक्षण आहे, जसा ताप हे लक्षण असतं. ताप कशाने आला ते शोधावं लागतं, तसंच याचंही.

आता थायरॉईड म्हणजे काय ते बघू, कारण वर्षानुवर्षं गोळी खाणाऱ्या कितीतरी जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिचं नाव थायरॉईड. म्हणजे थायरॉईड सगळ्यांनाच असतो, "मला थायरॉईड झाला" हे आपलं बोलण्यापुरतं. ही ग्रंथी एक रस तयार करून रक्तात सोडते. त्या रसावर सगळ्या शरीराची गती ठरते. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, अन्न पचणं, पाळी, आणि मेंदूचं कामसुद्धा. रस कमी पडला की सगळंच मंदावतं. थंडी जास्त वाजते, पोट साफ होत नाही, केस गळतात, तोंडावर सूज येते, पाळीत जास्त जातं, झोप घेऊनही थकवा जात नाही. आणि विचारही मंदावतो.

हे डोक्याचं दुखणं काही बायांनी हल्ली काढलेलं खूळ नाही, हे घरच्यांना सांगायला हवं. १८८८ साली लंडनच्या डॉक्टरांच्या एका समितीने या आजाराच्या शंभराहून जास्त रुग्णांची माहिती गोळा केली होती. त्यात बहुतेक बायकाच होत्या. समजायला, बोलायला, हालचालीला वेळ लागतो, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. औषध मात्र नव्हतं. मग १८९१ साली जॉर्ज मरे नावाच्या इंग्रज डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती बरी झाली आणि पुढे २८ वर्षं जगली. आज आपण जी छोटी पांढरी गोळी घेतो ती कारखान्यात तयार होते, पण कल्पना तीच. जो रस शरीरात कमी पडतो, तोच बाहेरून द्यायचा. म्हणूनच ही गोळी बहुतेकींना कायमची असते. तिची सवय लागते किंवा ती अंगात उष्णता करते, असं काही नाही.

रिपोर्टवर तीन अक्षरं असतात, टीएसएच. त्याचा घोळ सगळ्यात जास्त. "माझा थायरॉईड वाढलाय, नऊ झालाय" असं बाया सांगतात. वाढलेलं असतं ते थायरॉईडचं काम नव्हे. टीएसएच ही मेंदूखालच्या एका छोट्या ग्रंथीने थायरॉईडला मारलेली हाक आहे. शेतात मजूर जवळ असेल तर आपण हळू बोलतो, आणि तो ऐकत नसेल तर बांधावरून ओरडतो. थायरॉईड नीट काम करत असेल तर हाक हळू, म्हणजे आकडा लहान. थायरॉईड सुस्त पडला की हाक मोठी, म्हणजे आकडा मोठा. साधारण अर्ध्यापासून चारपर्यंतचा आकडा ठीक समजतात. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून रिपोर्टवर शेजारी छापलेला आकडा बघावा. गरोदरपणात हिशेब वेगळा असतो, त्याबद्दल पुढे बोलते.

आता एका गटाची गोष्ट. गाव सांगत नाही, कारण ती ताई हे भाषण ऐकणार आहे, आणि तिच्या परवानगीनेच सांगते आहे.

बारा जणींचा गट, नऊ वर्षं जुना. ही ताई पहिल्यापासून कोषाध्यक्ष. दहावी झालेली, हिशेबाला पक्की. बँकेतले साहेबसुद्धा तिच्या वहीचं कौतुक करायचे. मग एका महिन्यात बैठकीच्या हिशेबात दोनशे रुपये कमी निघाले. पुढच्या महिन्यात एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर चढला. तिसऱ्यांदा पैसे जुळेनात तेव्हा तिने गुपचूप स्वतःच्या पदरचे घातले. चौथ्या बैठकीला ती आलीच नाही. गटात कुजबुज सुरू झाली. पैशाचा मामला असला की कुजबुजीला वेळ लागत नाही. एकजण तर म्हणाली, "मुलीचं लग्न काढलंय ना, मग पैसे लागणारच." बारा जणींच्या नऊ वर्षांच्या विश्वासाला चीर पडायची वेळ आली होती. आणि चोरी कुणी केलीच नव्हती.

मी घरी गेले तर ती म्हणाली, "ताई, पद दुसरीला द्या. मला आता नोटा मोजताना मध्येच आकडा हरवतो." थायरॉईडची गोळी तिला तीन वर्षांपासून होती. मी विचारलं, कधी घेतेस? म्हणाली, सकाळी सहाला, चहाबरोबर. उपाशीपोटी चहा नको म्हणून दोन बिस्किटं. आणि रक्त कमी आहे म्हणून आशाताईने दिलेली लोहाची गोळीही त्याच वेळी, म्हणजे एकदाच लक्षात राहतं. चांगल्या मनाने केलेली सोय, पण घोटाळा तिथेच होता.

ही गोळी फार नाजूक असते. तिचं वजन आपण मिलिग्रॅममध्येसुद्धा मोजत नाही, मायक्रोग्रॅममध्ये मोजतो. पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर असे आकडे बाटलीवर असतात. एक हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो, यावरून समजा. एवढ्याशा औषधाला पोटात दुसरं कुणी भेटलं की ते त्याला धरून ठेवतं आणि रक्तात जाऊ देत नाही. लोहाची गोळी धरते, कॅल्शियमची धरते. पित्ताच्या गोळ्या-औषधांनीही ती कमी शोषली जाते. दूध, कॉफी, सोयाबीन हेही आड येतात. म्हणून नियम असा आहे. सकाळी उठल्यावर तोंड धुऊन फक्त साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची. चहा निदान अर्ध्या तासाने, तासाने घेतला तर उत्तम. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी किंवा त्याहून उशिरा. दुपारच्या नाहीतर रात्रीच्या जेवणाशी त्यांची सांगड घाला.

आता तुम्ही म्हणाल, पहाटे पाचला सगळ्या घराला चहा करायचा आणि आपण तासभर बघत बसायचं? ज्यांना हे जमतच नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. रात्री झोपताना गोळी घ्यायची, पण जेवून तीन तास झालेले असायला हवेत. सातला जेवणं होतात त्या घरात हे जमतं, दहाला जेवणाऱ्या घरात नाही. वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगून बदला. आणि एकदा ठरली की तीच ठेवा, एक दिवस सकाळी आणि एक दिवस रात्री असं नको.

त्या ताईचा टीएसएच नऊच्या वर निघाला. डॉक्टरांनी मात्रा बदलली नाही, फक्त घ्यायची पद्धत बदलली आणि दोन महिन्यांनी परत बोलावलं. दोन महिने का, तेही सांगते. ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. आज घेतलेल्या गोळीतला निम्मा भाग आठवड्यानंतरही अंगात असतो. रक्तातली पातळी स्थिर व्हायला सहा-आठ आठवडे जातात. म्हणून आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून गोळी सोडणाऱ्या बाया आणि दहा दिवसांत परत रक्त तपासायला जाणाऱ्या बाया, दोघी स्वतःचं नुकसान करतात. दोन महिन्यांनी तिचा आकडा तीनवर आला. थंडी वाजणं गेलं, तोंडावरची सूज गेली. डोकं मात्र निम्मंच उघडलं.

खरा प्रश्न इथून सुरू होतो. रिपोर्ट चांगला, तरी धुकं आहे. अशा वेळी घरचे म्हणतात, "आता तर रिपोर्टसुद्धा नॉर्मल आला, आता कसलं निमित्त?" मैत्रिणींनो, गोळी नीट घेऊन आकडा जागेवर आलेल्यांपैकीही शंभरात पाच ते दहा जणांना थकवा आणि डोक्याचं हे जडपण उरतं, हे जगभरच्या थायरॉईडच्या डॉक्टरांना माहीत आहे. म्हणजे तुम्ही एकट्या नाही, आणि नाटकही करत नाही.

असं का होतं, याचं एक उत्तर दळणाच्या भाषेत सांगते. आपल्या गोळीत जे असतं ते धान्य आहे, त्याचं नाव टी-फोर. शरीराला लागतं ते पीठ, त्याचं नाव टी-थ्री. निरोगी थायरॉईड बरंचसं धान्य आणि थोडं तयार पीठ देतो. गोळीतून फक्त धान्य येतं आणि ते शरीर ठिकठिकाणी दळून घेतं. मेंदूची तर स्वतःची चक्की असते. काही जणांची ही चक्की मंद चालत असावी, असं काही संशोधक मानतात, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टमध्ये धान्य पुरेसं दिसतं पण मेंदूला पीठ कमी मिळतं. मग थेट पिठाचीच गोळी का देत नाहीत? तशी गोळी असते. दोन्ही मिळून देऊनही तपासण्या झाल्या आहेत, पण बहुतेक तपासण्यांत सगळ्यांना स्पष्ट फायदा दिसला नाही. शिवाय तिने छातीत धडधड होऊ शकते. एखाद्या रुग्णाला मोठे डॉक्टर विचार करून देतातही. पण कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणून खायची ती वस्तू नव्हे.

तसंच आपली नेहमीची गोळी मनाने वाढवायचीही नाही. "दोन घेतल्या तर डोकं लवकर उघडेल, वजनही उतरेल" असं समजणाऱ्या बाया मला भेटल्या आहेत. मात्रा जास्त झाली की हात थरथरतात, झोप उडते, छाती धडधडते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर हाडं ठिसूळ होतात. झोप उडाली की डोकं आणखी बिघडतं, हे वेगळंच.

चक्कीचं कारण शोधण्याआधी बाकीची साधी कारणं शोधावीत, असं माझं मत आहे. कारण आपल्या बायांमध्ये ती डोंगराएवढी आहेत. पहिलं, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे दहा जणींच्या बैठकीत पाच-सहा जणी. रक्त कमी म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी, मग धुकं येणारच. थायरॉईडमुळे पाळीत जास्त जातं, त्याने रक्त आणखी उतरतं. एका दुखण्याने दुसऱ्याचा हात धरलेला असतो.

दुसरं, बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. घरात दूध असलं तरी ते डेअरीला जातं आणि बाईच्या वाट्याला चहातलं चमचाभर येतं, हे आपल्याला ठाऊक आहे. शाकाहारी बायांमध्ये हे जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी निघतं. ते कमी असेल तर विसरायला होतं, हातापायाला मुंग्या येतात, जीभ लाल होऊन झोंबते. त्या कोषाध्यक्ष ताईचं नेमकं हेच कमी निघालं. इंजेक्शनं झाली, आता गोळ्या चालू आहेत. साखर वाढलेली असली, ड जीवनसत्त्व कमी असलं तरी थकवा येतो, डॉक्टरांना वाटलं तर तेही तपासतात.

तिसरं, झोप. रात्री अकराला भांडी, पहाटे साडेचारला पाणी भरणं, मध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी दोनदा उठणं. एवढ्या झोपेत कुणाचंही डोकं चालणार नाही, थायरॉईड असो नसो. अमेरिकेत थायरॉईडच्या हजारो रुग्णांना विचारलं की हे धुकं कशाने कमी होतं, तर सगळ्यात जास्त उत्तर आलं, विश्रांतीने. आपल्याकडे हेच औषध बाईला मिळत नाही. जोरात घोरणं आणि झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखं होणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तो वेगळा आजार असू शकतो.

चौथं, पाळी जाण्याचा काळ. पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास अंगातून वाफा येतात, झोप मोडते, विसरायला होतं. दोन्ही दुखणी एकाच वयात आली की कुठलं कशाचं ते कळत नाही. पाचवं, दुसरी औषधं. सर्दी-खोकल्याच्या, खाजेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. झोपेच्या गोळ्यांची तर गोष्टच नको.

आणि सहावं, मन. सतत उदास वाटणं, कशातच गोडी न वाटणं, रडू येणं, जगू नये असं वाटणं. थायरॉईड कमी असला की मन खचतं, आणि मन खचलं की डोकं बंद पडतं. याला औषध आहे. सरकारची टेलिमानस नावाची मदत आहे, १४४१६ हा नंबर फिरवायचा. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता दवाखान्यात बोलायचं कसं. आपण जातो आणि म्हणतो, "डॉक्टर, अशक्तपणा आहे." डॉक्टरांपुढे पन्नास माणसं बसलेली असतात आणि त्यातल्या चाळीस जणांना अशक्तपणाच असतो. त्यापेक्षा जाण्याआधी चौदा दिवस एक वही ठेवा. रोज चारच ओळी लिहायच्या. गोळी किती वाजता, चहा किती वाजता, झोप किती तास, आणि डोकं कधी बंद पडलं व काय राहून गेलं. पाळीचे दिवस त्यातच खुणेने दाखवा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या. मग डॉक्टरांना सांगा, "आधी पाच मिनिटांत होणारा हिशेब आता अर्ध्या तासात होत नाही, आणि दुपारनंतर जास्त होतं." असं सांगितलं की ते ऐकून घेतात. मग तीन गोष्टी विचारा. माझा टीएसएचचा नेमका आकडा किती आहे? नॉर्मल एवढं उत्तर पुरेसं नाही, आकडा वहीत लिहून घ्या म्हणजे पुढच्या वेळी ताडून बघता येतो. हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व्ह तपासायचं का? माझ्या दुसऱ्या कुठल्या गोळीने असं होतं का? यातल्या कोणत्या तपासण्या आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून होतात ते आशाताईला विचारा, उगाच खाजगीत पैसे घालवू नका. रक्त द्यायला जाल त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्यावी, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्याने रिपोर्ट फसवा येतो.

कारण सापडेपर्यंत, किंवा सापडूनही जे उरतं त्याच्याबरोबर, घर-संसार चालवायचा असतोच. त्या गटाने काय केलं ते मला फार आवडलं. त्यांनी कोषाध्यक्ष बदलली नाही. बैठक दुपारी तीनला असायची ती सकाळी दहाला आणली, कारण तिचं डोकं सकाळी चांगलं चालतं. पैसे दोघींनी मोजायचे, दोघींनी मोठ्याने आकडा बोलायचा आणि मगच वहीत चढवायचा असं ठरलं. मोजताना कुणी बोलायचं नाही. खरं म्हणजे हा नियम प्रत्येक गटात आधीपासूनच हवा, मग कोषाध्यक्षाला थायरॉईड असो वा नसो. तिने पदरचे घातलेले पैसेही जुन्या पावत्या बघून शोधून काढले आणि तिला परत दिले. जी बाई मुलीच्या लग्नाचं बोलली होती, तीच आता शेजारी बसून मोजते.

घरातही असंच करता येतं. डोकं ज्या वेळी उघडं असतं त्या वेळी डोक्याची कामं करा, म्हणजे बँक, हिशेब, मुलांचे अर्ज. धुकं असेल तेव्हा हाताची कामं, निवडणं-टिपणं. किल्ली, रेशनकार्ड, पासबुक, चष्मा यांना एकेक खुंटी किंवा डबा ठरवून टाका. गॅसवर दूध ठेवलं की मोबाईलचा गजर लावा, मोटार चालू केली की लावा. गोळीसाठी आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी मिळते, पण ती उन्हात-ओलीत ठेवू नका. गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करा, कारण "घेतली का नाही" हाच मोठा घोळ असतो. सकाळी राहिलीच तर त्याच दिवशी पोट रिकामं असताना घ्या, जेवून तीन तास झाल्यावर.

दोन कामं मात्र डोकं जड असताना करूच नयेत. एक, फवारणीचं औषध मोजणं-मिसळणं. त्या दिवशी ते दुसऱ्याला करू द्या. दुसरं, फोनवर कुणी बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी मागितला तर उत्तर देणं. तो तर चांगल्या डोक्यानेही देऊ नये, पण धुक्यात माणूस घाईला लवकर बळी पडतो.

फिरायला जा असं डॉक्टर सांगतात तेव्हा आपण हसतो, दिवसभर शेतात राबणारीला कसलं फिरणं! पण बसून शिवण करणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या बायांनी अर्धा तास चालावंच, झोप चांगली लागते. कोबी-फ्लॉवर अजिबात बंद, असं कुणी सांगितलं असेल तर घाबरू नका. शिजवून, नेहमीच्या भाजीएवढं खाल्लं तर चालतं. मीठ आयोडीनवालंच वापरा. सैंधव आणि मोकळं मिळणारं खडेमीठ यांत बहुधा घातलेलं आयोडीन नसतं. पण जास्त मीठ खाल्ल्याने थायरॉईड बरा होत नाही. धण्याचं पाणी आवडत असेल तर प्या, गोळीच्या जागी पिऊ नका. 'थायरॉईड मुळापासून बरा' म्हणून चूर्ण विकणारा दारात आला तर त्याला पुढचं दार दाखवा.

ज्या मुलींना दिवस राहायचे आहेत किंवा पाळी चुकली आहे त्यांनी थांबायचं नाही. लगेच डॉक्टरांना सांगायचं की मला थायरॉईडची गोळी आहे. पोटातल्या बाळाचा मेंदू सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या रसावरच वाढतो, म्हणून त्या काळात बहुधा मात्रा वाढवावी लागते. "गरोदरपणात गोळ्या नकोत" म्हणून सासूबाईंनी ही गोळी बंद करायला सांगितली तर त्यांना हे भाषण ऐकवा. आणि कुणी फार सुस्त होऊन भलतंच बोलायला लागली, अंग गार पडलं, किंवा छातीत दुखायला लागलं, तर वही-बिही काढत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

शेवटी फोनवरचे दोन प्रश्न. एका मावशींनी विचारलं, नवरात्रात नऊ दिवस उपवास असतो, गोळी चालते का? मावशी, ती पाण्याबरोबरच घ्यायची आहे, उपवासाला पाणी चालतं तशी गोळीही घ्या. नऊ दिवस सोडली तर दिवाळीपर्यंत त्रास निघतो. रोजे धरणाऱ्या बहिणींनी झोपताना किंवा सहेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, आणि वेळ रमजान सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

दुसरा प्रश्न ऊसतोडीला जाणाऱ्या एका मुलीचा होता. दसऱ्यानंतर आम्ही जातो, सहा महिने कोपीत राहतो, तिथे गोळी संपली तर? तर असं कर. निघायच्या आधी रक्त तपासून घे आणि डॉक्टरांची चिठ्ठी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव, म्हणजे कारखान्याजवळच्या दुकानातही तीच गोळी, तीच कंपनी, तीच मात्रा मागता येईल. कंपनी बदलावी लागली तर दीड-दोन महिन्यांनी परत टीएसएच बघायला लागतो. निदान तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर ने. बाटलीतून काढून पुडीत बांधू नकोस, ऊन आणि ओल लागली की तिची ताकद जाते. बाटली झाकण घट्ट लावून कपड्यांच्या पेटीत मधोमध ठेव, चुलीजवळ नाही आणि पाचटाच्या छपरात खोचून तर नाहीच. पहाटे तीनला फडावर जायला उठतेस तेव्हाच पाण्याबरोबर घे. चहा गाडीवर बसल्यावर घेतेस ना, मग अंतर आपोआप पडतं.